कातळावर आडवं पडून प्रश्न विचारणाऱ्या बाई

प्राचीवर अन्याय झाला. गेल्या वर्षी, दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली त्या आठवड्यातल्या शनिवारी, सकाळी साडेदहाला, आमच्या गावच्या माध्यमिक शाळेच्या पालकसभेत. नववीतल्या या मुलीने एका सर्वेक्षणात खरं उत्तर दिलं होतं. ते तिच्या आईसमोर, शेजाऱ्यांसमोर, वर्गातल्या पोरींच्या आयांसमोर माईकवरून वाचलं गेलं. तिचं नाव मी तिला विचारून लिहिते आहे. ती म्हणाली, "लिही. तू विचारलंस तरी."

मी पत्रकं लिहिते. पहिल्या ओळीत अन्याय, दुसऱ्या ओळीत जबाबदार कोण, तिसऱ्या ओळीत मागणी, खाली सह्या. याही वेळी तसंच लिहायला बसले होते. पण दुसऱ्या ओळीवर आले की बाई आडव्या येतात. अगदी खरोखरच्या आडव्या: पाठ कातळावर, निळी छत्री उशाला, वही पोटावर, डोळे आभाळात. त्यांना ओलांडून तिसऱ्या ओळीकडे जाता येत नाही. म्हणून आधी त्यांच्याबद्दल.

रत्नागिरीहून निघून भाट्याचा पूल ओलांडून एसटी वर चढली की समुद्र मागे राहतो आणि सडा लागतो. जांभ्या दगडाचं सपाट मैलभर पठार. पावसानंतर त्यावर इवलीइवली निळी-पांढरी फुलं येतात, मग ती जातात आणि गुडघाभर गवत सोन्यासारखं वाळतं. त्या गवताच्या पलीकडे आमचं गाव. बाई दर वर्षी दोनदा तिथे यायच्या. मुलं तेराव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत मनाने कशी वाढतात, कशाला घाबरतात, कोणाला सांगतात, कोणाला सांगत नाहीत, याचा एक लांबलचक अभ्यास एका संस्थेने आमच्या भागात चालवला होता. दर वर्षी तीच मुलं, तेच प्रश्न. बाई प्रश्न विचारायच्या कामावर. आमच्या तुकडीतली मी एक. माझ्यानंतर बऱ्याच वर्षांनी प्राची.

मी तेरा वर्षांची होते. शाळेने पाठवलं म्हणून सड्यावर गेले, तर एक उंच, हाडकुळी, पन्नाशीची बाई दगडावर मेल्यासारखी पडलेली. मी घाबरून परत फिरणार, तेवढ्यात ती डोळे न उघडता म्हणाली, "आडवी हो गं."

"काय?"

"आडवी हो. चप्पल काढ. दगड ऊन हाय, बरं वाटंल."

बाई घाटावरच्या, कोल्हापूरकडच्या. वर्षानुवर्षं रत्नागिरीत काढून त्यांची बोली बदलली नव्हती आणि त्यांना बांगड्याचे काटे काढता येत नव्हते. आम्ही पोरं त्यांच्या बोलण्याची नक्कल करायचो. त्यांना ते कळायचं. "वाईच लांबवून म्हणा की," त्या सुधारायच्या, "हितं तुमचं चुकतंय."

मी आडवी झाले. वर ढग चालले होते.  बाई म्हणाल्या, "तो मोठा दिसतोय न्हवं, म्हशीसारखा? तो त्या झाडामागं जाईपतूर आपण बोलायचं न्हाई." ढग झाडामागे गेला. मग पहिला प्रश्न आला, आणि तो कधी आला ते मला कळलंच नाही. तोंडासमोर तोंड नसलं की तेरा वर्षांचं माणूस किती बोलतं, ते मला त्या दुपारी कळलं. मी अर्धी झोपेत होते आणि माझं बोलणं दुसरंच कोणी बोलत असल्यासारखं ऐकू येत होतं. बाई न बघता लिहायच्या. त्यांचं अक्षर म्हणजे ओल्या वाळूवरून कुर्ल्या पळाव्यात तसं. मी गप्प झाले की त्या लिहायचं थांबवून ओळीत बारक्या लाटा काढायच्या, माझ्या एका श्वासाला एक लाट. नंतर वही बघितली तर एका प्रश्नापुढे फक्त लाटाच होत्या, सतरा. "हे काय?" मी विचारलं. "हे तुझं सगळ्यात मोठं उत्तर," त्या म्हणाल्या.

शेवटी त्या उठून बसायच्या, आपण बोललेलं सगळं आपल्याला वाचून दाखवायच्या आणि पेन आपल्या हातात द्यायच्या. "नको वाटंल ते खोड. बिनधास्त. कोण विचारणार न्हाई." हा त्यांचा नियम. संस्थेने घातलेला नव्हे, त्यांनी स्वतःच काढलेला. पहिल्या वर्षी मी 'आईचा राग येतो' हे वाक्य इतकं गिरगटून खोडलं की कागद फाटला. दुसऱ्या वर्षी तेच वाक्य मी स्वतःच्या हाताने पुन्हा लिहिलं.  फाटलेल्या पानाला बाईंनी मागून चिकटपट्टी लावून ठेवली होती.

एकदा तर त्या चक्क झोपल्या. पंधराव्या वर्षीची गोष्ट. घोरत होत्या. मी उठून जाऊ शकले असते. पण मी तिथेच पडून, त्या झोपल्या आहेत याचा फायदा घेऊन, जी गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही आणि इथेही सांगणार नाही, ती अथपासून इतिपर्यंत मोठ्याने सांगितली. आभाळाला, गवताला, दूर चरणाऱ्या गुरांना. संपल्यावर अंग हलकं झालं. थोड्या वेळाने बाई जाग्या झाल्या, तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "कुठवर आलो होतो?" वहीत त्या दिवसाच्या पानावर काहीही नव्हतं. त्यांनी ऐकलं होतं की नाही, हे मला आजही माहीत नाही. मला वाटतं, ते माहीत नसावं म्हणूनच त्या झोपल्या.

गावाने त्यांना वेड्यात काढलं होतं, पण लाडाने. एसटीचा कंडक्टर विचारायचा, "बाई, आज कुणाला झोपवायला चाललात?"

"तुम्हालाबी झोपवीन, पर गाडी कोण चालवंल?"

"गाडी डायवर चालवतो, मी नाय. मला झोपवा तुमी खुशाल."

त्यांची काही वाक्यं आम्हा मुलांत फिरत असायची. "घाई असंल तर म्हशींचा सर्वे करा, त्या उभ्या तरी राहतात." आणि एक, जे मला आता वारंवार आठवतं: "तेरावं वरीस म्हंजे ओहोटी. पाणी मागं जातंय, आतलं सगळं उघडं पडतंय, आणि समदा गाव चालत येऊन बघतोय. आपण काय करायचं? आपण तिकडं पाठ करून बसायचं. भरती येतीच."

मी मोठी होऊन पत्रकं लिहायला लागले तेव्हा पहिलं पत्रक कौतुकाने त्यांना दाखवलं. त्यांनी ते लांब धरून वाचलं. "उद्गारचिन्हं लई झाली गं. एवढं वरडल्यावर पोरगं तुला काय सांगंल?" मला राग आला. माझ्या मते जगात पुरेसं ओरडलं जात नाही. अजूनही माझं मत तेच आहे. पण या लेखात मी एकही उद्गारचिन्ह स्वतःच्या वाक्याला लावलेलं नाही, हे त्यांना कोणी तरी कळवा.

गेल्या वर्षी जूनमध्ये बाईंना कामावरून काढलं. त्याआधी एक गाडी आली होती, त्यातून बूट घातलेला एक तरुण साहेब उतरला होता. सड्यावर बूट घालून तो उभा आणि बाई पडलेल्या, असं ते संभाषण झालं. मी जवळच होते.

"मॅडम, एका मुलामागे दोन तास?"

"पावणेतीन."

"आणि त्यातलं ते खोडतात."

"खोडतात की."

"मग ते उत्तर आम्ही काय धरायचं?"

"खोडलं, असंच धरायचं. तेबी उत्तरच हाय न्हवं?"

साहेब हसला. वाईट माणूस नव्हता. बाईंना काढल्यावर त्यांच्या जागी टॅबलेट आले. हसरा चेहरा, रडका चेहरा, मधला चेहरा, बोट लावा. अख्खा वर्ग वीस मिनिटांत. खोडायची सोय नव्हती, मागे जायचं बटणही नव्हतं. आणि वडील रोज घरी असतात का, या प्रश्नाला 'नाही' म्हटलं की नावापुढे आपोआप लाल खूण. ज्या गावातले निम्मे बाप मुंबईला कामाला आणि बाकीच्यांतले काही बोटीवर, त्या गावातल्या पोरांना हा प्रश्न.

सप्टेंबरात प्राचीसमोर टॅबलेट आला. तिचे वडील बोटीवर खलाशी. आई एकटी शेत, गोठा, सासू सगळं बघते. प्रश्न होता: मनातलं बोलायला घरात कोणी आहे का. प्राचीने रडक्या चेहऱ्याला, म्हणजे 'नाही'ला, बोट लावलं. ती चार हसरे चेहरे दाबून मोकळी झाली असती, वर्गातल्या बऱ्याच जणींनी तेच केलं. पण प्राचीला बाईंनी शिकवलं होतं. दोन वर्षं कातळावर शेजारी पडून सांगितलं होतं: कागदाला खरं सांगायचं, कागद कुणाला सांगत नाही.

संस्थेकडून बंद पाकीट आलं. 'लक्ष देण्याची गरज असलेले विद्यार्थी' अशी नऊ नावं, प्रत्येकापुढे कारण. मुख्याध्यापकांनी ती यादी शनिवारच्या सभेत वाचून दाखवली.

का वाचली? दुष्टपणाने नाही. आमच्या शाळेत बाहेरून आलेली प्रत्येक यादी पालकसभेत मोठ्याने वाचायची पद्धत आहे. आणि ही पद्धत कोणी पाडली? मी. तीन वर्षांपूर्वी लांबच्या वाडीतल्या मुलींसाठी सायकली आल्या होत्या, त्यांची यादी दडपून नावं बदलली गेली. मी पत्रक काढलं: 'आलेली प्रत्येक यादी सर्वांसमोर वाचा.' प्रत्येक. हा शब्द मी दोनदा अधोरेखित केला होता. सह्या झाल्या, मोर्चा झाला, आम्ही जिंकलो. मुख्याध्यापकांनी ती मागणी लेखी मान्य केली आणि ते शब्दाचे पक्के निघाले. त्या शनिवारी मी मागच्या बाकावर बसले होते. पहिली दोन नावं होईपर्यंत मला काय चाललंय ते कळलं नाही. प्राचीचं नाव चौथं होतं. "कुमारी प्राची. कारण, मनातलं बोलायला घरात कोणी नाही." मी तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही. माझा आवाज निघाला नाही, हे मी लिहून ठेवते आहे.

प्राचीची आई तिसऱ्या रांगेत होती. शेजारची बाई तिच्याकडे वळून बघत राहिली. ती उठली आणि पदर सावरत सरळ दाराबाहेर गेली.

सोमवारपासून प्राची शाळेत आली नाही. घरात कोणाशी बोलेना. आईने ठरवलं, जानेवारीत हिला मुंबईला आत्याकडे धाडायची, आत्याच्या घरकामाला हात होईल. म्हणजे शाळा संपली. नववीतली मुलगी मध्येच मुंबईला गेली की परत शाळेत येत नाही, हे आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नाही.

मी बाईंना फोन केला. त्या रत्नागिरीतल्या खोलीत सामान बांधत होत्या. दुसऱ्याच दिवशी मी त्यांना स्कूटीवर मागे बसवून घेऊन गेले.  सड्यावर गवत वाळून पिवळं झालं होतं, वारा त्यातून नुसता वाहत होता.

प्राचीची आई मागीलदारी खराट्यासाठी झावळीचे हीर काढत बसली होती. आम्हाला बघून तिने कोयतीचा वेग वाढवला. "या. तुमचीच कमी व्हती. बाई, मी पहाटेपासून राबतंय, आणि हिला घरात कोण नाय? मी काय मेलंय?"

बाई खाली बसल्या, एक झावळी ओढली आणि हीर काढायला लागल्या. त्यांना ते अजिबात जमत नव्हतं. पात काढताना हीरच मोडायचा. दहा-बारा मोडल्यावर प्राचीची आई वैतागली. "अवो, उलटी धरलीत. हितनं. अशी." मग त्या दोघी बराच वेळ हीर काढत राहिल्या. प्राची दाराच्या चौकटीत येऊन उभी राहिली. बाईंनी तिच्याकडे बघितलं नाही, झावळीकडे बघतच म्हणाल्या, "माझं चुकलं, बाळा."

प्राची पंधरा दिवसांत पहिल्यांदा बोलली. "तुमी सांगितलंवतंत, कागदाला खरं सांगायचं."

"सांगितलंवतं. कुठल्या कागदाला, ते सांगायला पाहिजे होतं. ते ऱ्हायलं."

मला वाटलं, आता प्राची रडेल, आई तिला जवळ घेईल. तसं काही झालं नाही. प्राची आत गेली. आई म्हणाली, "चाय ठेवतंय, घ्या नि जावा." जानेवारीचं तिकीट काढून झालं होतं.

मी परतताना बाईंना म्हटलं की मी पत्रक काढते, मुख्याध्यापकांचा राजीनामा मागते. त्या मागून म्हणाल्या, "माग. आणि यादी वाचायला कुणी लावली, तेबी लिव्ह त्यात." एवढंच. मला पुढचा रस्ता नीट दिसेना, म्हणून मी स्कूटी थांबवली. आम्ही दोघी गवतात थोडा वेळ उभ्या राहिलो. दूर खाली समुद्र होता, पण धुक्यात त्याचा नुसता उजेड दिसत होता.

डिसेंबरच्या पालकसभेत बाई आल्या. त्यांना बोलावलं नव्हतं. मुख्याध्यापक, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला गृहस्थ, तेव्हापासून कोणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हते; त्यांनी मुकाट माईक दिला. बाईंच्या हातात त्या सर्वेक्षणाचे छापील प्रश्न होते. उभ्या राहून बोलताना मी त्यांना पहिल्यांदा पाहत होते. त्यांनी डोळे मिटले.

"प्रश्न पहिला. वडील रोज घरी असतात का? न्हाई. मी नऊ वर्षांची असताना गेले."

कोणी तरी खुदकन हसलं.

"दुसरा. कारण नसताना रडू येतं का? येतं. एसटीत येतं. तिसरा. एकटं बसावंसं वाटतं का? तुम्ही समद्यांनी बघितलंय." आता बरेच जण हसले. "चौथा. मनातलं बोलायला घरात कोणी आहे का?" बाई थांबल्या. फार वेळ थांबल्या. हसणं विरलं. बाहेर मैदानात पोरं खेळत होती, त्यांचा आवाज लांबून, पाण्याखालून यावा तसा येत होता. "न्हाई. सत्तावीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांचं ऐकलं. माझं ऐकायला घरात कोण न्हाई. आता ह्ये तुमच्या गावाला कळलं. माझं काय बिघडलं ते बघा."

त्या बसायला वळल्या, तेव्हा तिसऱ्या रांगेतून आवाज आला. "मला नाय कोण विचारलंन." प्राचीची आई. बसूनच बोलत होती, समोर भिंतीकडे बघत.

बाई म्हणाल्या, "विचारते. मनातलं बोलायला घरात कोण हाय?"

"ह्यांचा फोन येतो. बोट बंदराला लागली की. तेवा सगळा बरा हाय, असाच सांगायचा असतो. नायतर त्यांचा जीव टांगणीला." तिने पदराने ओठ दाबले. "सासूला ऐकू येत नाय. पोरीला कशाला सांगायचा. म्हंजे नायच की कोण."

प्राची सभेत नव्हती. पण आमच्या गावात शाळेत बोललेलं घरी पोचायला पाच मिनिटं लागतात. आईच्या आधी ते पोचलं. घरी त्या दोघींचं काय बोलणं झालं, मला माहीत नाही आणि मी विचारलेलं नाही. तिकीट रद्द झालं, एवढं माहीत आहे. जानेवारीत प्राची मुंबईला गेली नाही, शाळेत आली.

बाई आता गुहागरला बहिणीकडे असतात, नारळी-पोफळीच्या वाडीत. फोन उचलत नाहीत. पत्र टाकलं तर महिन्याने उत्तर येतं, दोन ओळींचं. मी लिहिलं की या सगळ्यावर लेख लिहिते आहे. उत्तर आलं: 'माझं नाव घालू नकोस. पोरीला विचार.'

विचारलं. तिने होकार दिला आणि शिवाय एक गोष्ट सांगितली, आनंदाची बातमी सांगावी तशी. फेब्रुवारीत टॅबलेट परत आला होता. तिने सगळ्या प्रश्नांना हसऱ्या चेहऱ्यावर बोट लावलं. दोन मिनिटांत संपवलं. वर्गात पहिली. शेवटी 'आणखी काही सांगायचं आहे का' असं होतं, तिथे तिने टाइप केलं: सर्व ठीक. आता तिच्या नावापुढे लाल खूण नाही. संस्थेच्या अहवालात आमची शाळा सुधारली आहे.

नऊ मुलांची ती यादी अजून शाळेच्या कपाटात आहे आणि संस्थेच्या संगणकात आहे. ती नष्ट करा, असं मी लेखी मागितलं. उत्तर आलं, सभ्य उत्तर: सर्वेक्षण पालकांच्या लेखी संमतीने झालं आहे, आणि ती माहिती काढून टाकण्याची विनंती फक्त पालकच करू शकतात. मी संमतीचे कागद पाहिले. जूनमध्ये शाळा उघडताना गणवेशाच्या मापाचा कागद, सहलीचा कागद आणि हा कागद एकत्र टाचून घरी पाठवले होते. नव्वद घरांतून नव्वद सह्या आल्या. प्राचीच्या आईचीही आहे. कोणी वाचलं नव्हतं.

यादी कोणी वाचायला लावली, ते मी वर लिहिलं आहे. कागदाला खरं सांगायला कोणी शिकवलं, तेही लिहिलं आहे. राहिली सही. ती तुमची आहे. तुमचं पोर या जिल्ह्यात शाळेत जात असेल, तर जूनमध्ये तुम्हीही असाच एखादा टाचलेला गठ्ठा उभ्या उभ्या सही करून परत पाठवला असेल. कशावर सही केली ते आत्ता तुम्हाला आठवत नाही.

शाळेचं कार्यालय अकरा वाजता उघडतं. उद्या जा. माझ्या मुलाला काय विचारलं, त्याने काय सांगितलं, ते आता कोणाकोणाकडे आहे, हे विचारा. उत्तर मिळेपर्यंत खुर्चीवरून उठू नका. आणि उत्तर मिळालं नाही, तर एक कोरा कागद मागा, आणि तुमची सही मागे घ्या.